डिसेंबरच्या खिडकीतली बाटली

मार्चमधल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी डॉक्टर सेलांडर यांनी आठवड्याच्या शस्त्रक्रियांची यादी नेहमीप्रमाणे दारावरच्या खिळ्याला अडकवली. सिस्टर हिल्डूर स्टेनवाल ती वरपासून वाचू लागली आणि तिसऱ्या ओळीशी थांबली. मायलिस ल्युंग, माहेरची फ्येलमान, राहणार ग्रानव्हिक, वय एकोणतीस, बेंबीचा हर्निया, गुरुवार. यादीच्या उजव्या बाजूला भूल कोणती द्यायची याचा रकाना असे आणि तो हिल्डूरने भरायचा असे. तिने पेन्सिल काढली, इतर चार नावांपुढे ‘थायोपेंटाल’ असे ठाशीव अक्षरात लिहिले आणि मायलिसच्या नावापुढची जागा कोरी ठेवली.

दूर उत्तरेकडच्या टाल्सेलेच्या या अठरा खाटांच्या रुग्णालयात माणसांना झोपवण्याचे काम सव्वीस वर्षे तिच्याकडे होते. डॉक्टर येत, दोन-तीन हिवाळे काढत आणि दक्षिणेकडे जागा रिकामी झाली की निघून जात. हिल्डूर मात्र याच खोऱ्यातली, नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या एका कामगाराची मुलगी. किनाऱ्यावरच्या मोठ्या रुग्णालयात भूल देण्याचे शिक्षण घेऊन ती जी परतली ती कायमची. तिचे कपाट उघडले तर कुप्यांच्या रांगा दोऱ्याने आखल्यासारख्या दिसत. तिच्या नोंदवहीत खाडाखोड नसे. खोऱ्यातली माणसे म्हणत की मरायचेच झाले तर हिल्डूरच्या हाताखाली मरावे, कळणारसुद्धा नाही. हे ती थट्टा म्हणून ऐकून घेई. आठ वर्षांपासून तिला ती थट्टा ऐकवत नसे.

थायोपेंटाल ही फिकट पिवळी भुकटी. ती शुद्ध पाण्यात ऐनवेळी विरघळवायची, कारण विरघळलेले औषध टिकत नाही. आणि शिरेतच टोचायची, कारण शिरेबाहेर गेली तर मांस जाळते. सुई टोचल्यावर रोग्याला जिभेवर कांद्यासारखी चव येते, तो तसे सांगू लागतो आणि वाक्य पुरे होण्याआधी झोपतो. हातातून मेंदूपर्यंत रक्त पोचायला लागतो तेवढाच वेळ. पाच-दहा मिनिटांत तो जागाही होऊ लागतो. त्यामुळे नव्या परिचारिकांना वाटे की औषध संपले. हिल्डूर त्यांना बजावून सांगे, “संपलेलं नाही. पाहुणा बैठकीतून उठला म्हणजे गावाला गेला असं नव्हे. तो आतल्या खोलीत लवंडलेला असतो. हे औषध मेंदूतून उठतं आणि स्नायूंत, चरबीत जाऊन बसतं. तिथून यकृत त्याला सावकाश बाहेर काढतं. माणूस जागा झाला तरी औषध दुसऱ्या दिवसापर्यंत घरातच असतं.”

आणि या खोऱ्यात काही घराणी अशी होती की त्यांच्या घरात हा पाहुणा घ्यायचाच नसे. त्यांच्यात एक आजार पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून चालत आलेला होता. माणूस वर्षानुवर्षे धडधाकट असे. मग एखाद्या दिवशी पोटात असह्य कळा उठत, मन भ्रमिष्ट होई, हातपाय लुळे पडत. लघवी उजेडात ठेवली की काळपट तांबडी होई. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला पोर्फिरिया म्हणतात. खोऱ्यात त्याला नावच नव्हते. ज्या घरात तो आहे असे कळे त्या घराशी कोणी सोयरीक करत नसे, म्हणून तो कोणाच्याच घरात नव्हता. पुस्तकात असेही स्पष्ट लिहिलेले होते की झोपेच्या पुड्या आणि त्याच कुळातले थायोपेंटाल अशा माणसाच्या यकृताला चिथावतात. इतरांना निरुपद्रवी ठरणारी एक मात्रा त्याच्यातला निजलेला आजार उठवते.

यावर टाल्सेलेत एक जुनी युक्ती होती. दाखल झालेल्या रोग्याची लघवी पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरून दक्षिणेच्या खिडकीत दोन दिवस ठेवायची. रंग बदलला तर मुखवट्यातून हुंगवायचे जुने इथर द्यायचे, न बदलला तर थायोपेंटाल. कोणाला काही विचारावे लागत नसे आणि कोणाला काही कबूल करावे लागत नसे. मितभाषी मुलखाला शोभेल अशीच ही रीत होती, आणि मे महिन्यात ती बरी चाले. पण नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत टाल्सेलेचा सूर्य समोरच्या डोंगराच्या वर येत नाही. दुपारी तासभर निळसर उजेड पडतो, तेवढाच. त्या दिवसांत खिडकीतली बाटली काहीच सांगत नसे. हे हिल्डूरला ठाऊक होते.

एकोणीसशे त्रेपन्नच्या डिसेंबरात मायलिसचा थोरला भाऊ एव्हर्ट याच रुग्णालयात दाखल झाला. वय चोवीस, लाकूडतोड्या, जांघेतला हर्निया. हिवाळी तोड सुरू होण्यापूर्वी तो दुरुस्त करून हवा होता. सोबत आई आली होती, ग्रानव्हिकच्या आल्मिनामावशी. खोऱ्यातल्या सगळ्यांच्याच त्या मावशी.

“घरात कोणाला काही आजार?” हिल्डूरने छापील कागदावरचा प्रश्न वाचला.

“कुणाला काही नाही,” मावशी म्हणाल्या. “ग्रानव्हिकची माणसं दणकट. हा तर सात वर्षांत कधी शिंकलासुद्धा नाही. दात बघ त्याचे.”

“आई मला जत्रेत विकायला आणल्यासारखी बोलते,” एव्हर्ट म्हणाला. “सिस्टर, खूरसुद्धा बघून घ्या.”

मावशींना हुल्डा नावाची धाकटी बहीण होती. हिल्डूर नऊ वर्षांची असताना त्या बहिणीला रेनडिअरच्या कातड्यांत गुंडाळून, बर्फावरून ओढायच्या स्लेजगाडीला बांधून, किनाऱ्यावरच्या वेड्यांच्या इस्पितळात नेले होते. स्लेज गावातून गेली तेव्हा हिल्डूर कुंपणाशी उभी होती. हुल्डाची किंकाळी तिने ऐकली होती, आणि कुंपणाशी कोण उभे आहे हे मावशींनी पाहिले होते. आता दोघींनी एकमेकींकडे पाहिले. आईला तिच्या मुलासमोर खोटी ठरवणे त्या मुलखात कोणाच्या स्वप्नातही आले नसते. हिल्डूरने रकान्यात लिहिले: काही नाही. बाटली खरे सांगेल, असे तिने स्वतःला समजावले. मंगळवार ते गुरुवार ती बाटली अंधाऱ्या खिडकीत उभी राहिली आणि पिवळीच राहिली. नमुना किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेकडे पाठवता आला असता. उत्तराला आठ दिवस लागले असते, आणि पाठवण्याचे कारण लिहावे लागले असते. तिने लिहिले: रंगबदल नाही.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. “कांदा,” एवढे म्हणून एव्हर्ट झोपला आणि जागा होताच म्हणाला, “सुरू करा की आता, कधीची वाट बघतोय.”

तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. झोप येईना. तेव्हाचे डॉक्टर रूडेन यांनी झोपेची पुडी लिहून दिली आणि हिल्डूरने ती दिली. पाचव्या दिवशी सकाळी दिव्याखाली राहून गेलेली त्याच्या लघवीची बाटली तिने उचलली, तर आतले पाणी शिळ्या बिटाच्या पाण्यासारखे झाले होते.

“लघवी गडद दिसते आहे, डॉक्टर,” ती म्हणाली.

“पाणी कमी पितो आहे. पाजा त्याला.”

आजाराचा शब्द तिच्या ओठांवर होता. पण तो उच्चारला की त्यामागून तो कागद, ती खिडकी, तो ‘रंगबदल नाही’चा शेरा, सगळे ओळीने बाहेर येणार होते. तिने बाटली बेसिनमध्ये ओतली, तीन वेळा विसळली आणि उपडी घालून ठेवली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पुडी दिली. सातव्या दिवशी एव्हर्टचे पाय उचलेनात. त्या दिवसापासून ती रोजची पुडी फेकून देई आणि कागदावर ‘दिली’ असे लिही. मग हात गेले, मग आवाज. अकराव्या दिवशी किनाऱ्याकडे नेताना, बर्फातल्या रस्त्यावर, गाडीतच त्याचा श्वास थांबला. त्या वर्षी साऱ्या देशात पोलिओची साथ होती. डॉक्टर रूडेन यांनी मृत्यूचे कारण पोलिओ असे लिहिले आणि कोणालाच त्यात नवल वाटले नाही.

दफनाच्या दिवशी आल्मिनामावशींनी हिल्डूरचा हात धरला. “पोलिओ होता,” त्या म्हणाल्या. “देवाची कृपा. दुसरं काही नव्हतं.”

त्यानंतर दर डिसेंबरात, मुलाच्या उशाशी अकरा दिवस बसलेल्या सिस्टरसाठी, मावशी चुलीवर भाजलेले चीज घेऊन येत. तिथे ते तुकडे करून कॉफीत घालून खातात. हिल्डूर ते सबंध खाई, एक तुकडाही कोणाला देत नसे. त्या दिवसांत ती आरशासमोर फार वेळ उभी राहत नसे. फ्येलमानांच्या घराला डाग नाही हे सर्वांना पटले होते. दोन वर्षांनी मायलिसला ल्युंगांच्या घरी दिली. योस्टा ल्युंगच्या आईने आधी चौकशी केली होती आणि रुग्णालयाच्या दाखल्यातला ‘पोलिओ’ हा शब्द स्वतः वाचून घेतला होता.

“सिस्टर, एक रकाना रिकामा आहे,” यादी लावली त्या सोमवारी दुपारी डॉक्टर सेलांडर म्हणाले. वय तिशीचे, स्वभाव हसरा. “तुमची तब्येत बरी आहे ना?”

“या बाईंना इथर द्यावं म्हणते.”

“इथर? तो मुखवटा अजून आहे आपल्याकडे? मला वाटलं, तुम्ही तो संग्रहालयाला देऊन टाकलात.”

“आहे. घासूनपुसून ठेवलेला आहे.”

“कारण?”

“डॉक्टरांनी परवापर्यंत सवलत दिली तर कारण लिहून देते.”

“दिली. पण ओकाऱ्या तुम्ही निस्तरायच्या. आणि बाई बरी होईपर्यंत मला शिव्या देणार, त्या तुम्ही खायच्या.”

सोमवारची संध्याकाळ हिल्डूरने हिशेब मांडण्यात घालवली. आजार मायलिसमध्ये असेल किंवा नसेलही. भावंडांत तो निम्म्यांना येतो. इथर दिले तर दोन्ही बाबतींत ती सुखरूप घरी जाईल, कोणाला काही सांगायला नको. पण मे महिन्यात ल्युंग कुटुंब गोथेनबर्गला जाणार होते. योस्टाला तिथल्या जहाजबांधणीत नोकरी लागली होती. तिथे दात काढायचा झाला, अपघात झाला, तर मायलिसच्या हातात सुई कोण टोचणार? तिला कोणी विचारले असते तर तिने प्रामाणिकपणे सांगितले असते की घरात कोणालाही काही नाही. शिवाय तिची दोन मुले होती. इथर देऊन गप्प बसण्यात हिल्डूरचे रक्षण होते, मायलिसचे नव्हते. आणि आठ वर्षे आपण जे मौन मावशींच्या सुखासाठी पाळत होतो असे तिला वाटत आले होते, त्यातही मावशींचा वाटा किती आणि आपला किती, हे तिला त्या संध्याकाळी स्वच्छ दिसले.

मंगळवारी ती बसने ग्रानव्हिकला गेली. मावशींनी न विचारता कॉफी ठेवली, बशी पुसून पुढे केली.

“ऑपरेशनाचं सांगायला एवढ्या लांब आलीस? फोन होता की दुकानात.”

“मावशी, एव्हर्टला पोलिओ नव्हता.”

मावशी बशीत कॉफी ओतत होत्या. ती त्यांनी शेवटपर्यंत ओतली. “मग काय होतं?”

“हुल्डाला होतं तेच.”

“हुल्डाचं नाव या घरात चाळीस वर्षांत कुणी घेतलेलं नाही.”

“माहीत आहे मला.”

“म्हणजे मी त्याला मारलं, असं सांगायला आलीस.”

“नाही. तुम्ही ‘नाही’ म्हणालात, ते खोटं आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मी कुंपणाशी उभी होते, मावशी. तरी मी ते लिहून घेतलं. सुई मी टोचली.”

मावशींनी चुलीतले लाकूड आत सारले.

“आठ वर्षं मी तुला चीज आणून देतेय,” मावशी म्हणाल्या.

“हो.”

“खाल्लंस?”

“सगळं.”

“मला पोलिओ पुरला होता गं. माणूस गेला तर गेला, निदान पोलिओने गेला. तेवढंही ठेवलं नाहीस.”

“मायलिसला मी इथर देईन. पण गोथेनबर्गला तिला कोण ओळखतं? तिथला माणूस तीच सुई भरेल. तिला माहीत असायला हवं. पोरांचंही तपासून घ्यायला हवं.”

“ल्युंगची म्हातारी हे ऐकून काय करील, तुला कल्पना आहे?”

“आहे.”

“जा आता,” मावशी म्हणाल्या. “बस चुकेल तुझी.”

बसला अजून अडीच तास होते. हिल्डूर थांब्यावर उभी राहिली. आपण जेवढे सांगता येण्यासारखे होते तेवढेच सांगितले, हे तिच्या लक्षात आले. सुईचे सांगितले होते, बाटलीचे नाही.

बुधवारी मायलिस दाखल झाली. उंच, भावासारखीच रुंद खांद्यांची. कोट काढून तिने खाटेवर घडी करून ठेवला आणि म्हणाली, “आईने सगळं सांगितलं. ती एवढं बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं. हुल्डामावशीचं, स्लेजचं, सगळं. मग म्हणाली, मुलांच्या हाताला गोंदवून घे, म्हणजे कोणी विसरणार नाही.”

“गोंदवायला नको. मी एक कार्ड लिहून देते. कुठली औषधं चालत नाहीत, त्यांची नावं. ते कायम पर्समध्ये ठेवायचं. आणि तुझा नमुना आजच प्रयोगशाळेकडे जाईल.”

“ते ठीक आहे.” मायलिस तिच्याकडे बघत राहिली. “सिस्टर, सुई झाली ती झाली. पण तो त्यानंतर अकरा दिवस इथे होता. तेव्हाही नाही कळलं तुम्हाला?”

नाही म्हणणे अगदी सोपे होते. डॉक्टर रूडेन यांना वारून चार वर्षे झाली होती.

“पाचव्या दिवशी कळलं,” हिल्डूर म्हणाली. “बाटली लाल झाली होती. मी ती ओतून टाकली आणि कोणाला सांगितलं नाही.”

“तेव्हा त्याचे हात हलत होते?”

“हलत होते. त्याच दिवशी त्याने मला पत्त्यांत हरवलं.”

“सांगितलं असतं तर वाचला असता?”

“कदाचित. झोपेच्या पुड्या तेव्हाच थांबल्या असत्या. मी त्यानंतरही दोन दिल्या. किनाऱ्याला श्वासाचं यंत्र होतं, तिथे तो वेळेवर पोचला असता. नक्की कोणालाच सांगता येणार नाही. मी बोलले नाही, एवढं मात्र नक्की.”

मायलिस खाटेच्या कडेवर बसली. “आणि तुम्ही बोलला असता तर योस्टाच्या आईने मला उंबऱ्यातसुद्धा घेतलं नसतं. माझी पोरं झालीच नसती.” मग ती म्हणाली, “याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुमच्यावर चिडायचं तरी धड कसं?”

हिल्डूरने नमुन्याची बाटली तिच्या हातात ठेवली.

डॉक्टर सेलांडर आले तेव्हा तिने त्यांच्या हातात दोन कागद ठेवले. पहिल्यावर मायलिसला इथर का द्यायचे याचे कारण होते. दुसऱ्यावर त्रेपन्नच्या डिसेंबरातले अकरा दिवस तारीखवार मांडलेले होते. खिडकी, बेसिन, पुड्या, दोन खोटे शेरे, आणि शेवटी जिल्हा वैद्यकाधिकाऱ्यांनी मृत्यूचे कारण दुरुस्त करावे अशी विनंती. डॉक्टर उभ्यानेच वाचत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू गेले.

“हे मी पाठवलं, तर तुम्हाला इथे ठेवतील असं नाही.”

“डॉक्टरांनी पाठवावं.”

“पाठवीन. पण मग उद्याचं काय? चौकशी चालू असताना भूल तुम्ही द्यावी हे मला बरं वाटत नाही. सिस्टर, समजून घ्या. किनाऱ्याहून कोणाला तरी बोलावतो, शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे जाईल.”

“डॉक्टर म्हणतात ते योग्यच आहे,” हिल्डूर म्हणाली, आणि एप्रनला लावलेली कपाटाची किल्ली काढू लागली.

“नको,” मायलिस खाटेवरून म्हणाली. “यांनीच द्यायची.”

“बाईसाहेब, तुम्ही आत्ताच ऐकलंत ना—”

“ऐकलं. किनाऱ्याहून येणारा माणूस निवांत असेल. मी त्याला यादीतली तिसरी. या घाबरलेल्या आहेत. घाबरलेलं माणूस नजर हटवत नाही.” मग ती हिल्डूरकडे वळली. “माफ केलं म्हणून सांगत नाहीये. तसं समजू नका.”

“नाही समजत.”

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिले, दुसरा कागद घडी करून खिशात घातला आणि यादीतली वेळ तशीच ठेवली.

गुरुवारी हिल्डूरने तारेच्या मुखवट्यावर जाळीचे कापड ताणले आणि इथरचे थेंब एक-एक करून सोडायला सुरुवात केली. इथरची भूल सुईसारखी झटकन चढत नाही. माणूस आधी गुदमरतो, हात झाडतो, बरळतो. मायलिस भावाला हाका मारत होती. पाऊण तास हिल्डूरची बोटे तिच्या जबड्याखालच्या नाडीवरून उचलली गेली नाहीत. डॉक्टरांनी शेवटचा टाका घातल्यावर विचारले की तिला जरा बसायचे आहे का, तर तिने नकारार्थी मान हलवली, तीही मायलिसवरची नजर न काढता.

मायलिस शुद्धीवर येऊ लागली तशी ओकू लागली. हिल्डूर एका हाताने तिचे कपाळ आणि दुसऱ्या हाताने भांडे धरून होती. दाराशी आल्मिनामावशी आल्या. पहिल्या बसने आल्या होत्या आणि कोट न काढता बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या होत्या. त्यांच्या हातात काही नव्हते.

“ओकतेय का?” त्यांनी विचारले.

“हो, मावशी. इथरने होतं तसं. संध्याकाळपर्यंत चालेल.”

“ओकू दे,” मावशी म्हणाल्या. त्या आत आल्या, खुर्ची ओढली आणि खाटेच्या पलीकडच्या बाजूला बसल्या. हिल्डूरकडे त्यांनी पाहिले नाही. थोड्या वेळाने भांडे भरले, तेव्हा त्यांनी हात पुढे करून ते घेतले, रिकामे करून आणले आणि परत हिल्डूरच्या हातात दिले.